युनोस रोडस्टर १९९०: पाणी, पत्रा आणि पार्ट्सच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

गाडीची माहिती एकदाच लिहून ठेवतो म्हणजे परत परत नको. माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, ज्याला सगळे एनए म्हणतात, पण ही इंग्लंडात नवी विकलेली एमएक्स-५ नाही, जपानात युनोस रोडस्टर नावाने विकलेली आहे, १९९० ची, नंतर कुणीतरी सेकंडहँड आयात करून इथे आणलेली. चॅसी नंबर एनए६सीई ने सुरू होतो. रंग मरिनर ब्लू, निदान कागदावर तरी, बॉनेटवर आता दोन वेगवेगळे निळे आहेत. इंजिन १.६, म्हणजे १५९७ सीसी, आणि इथे २००१ च्या आधीच्या गाड्यांचा रोड टॅक्स इंजिनच्या साइझवर लागतो, हद्द १५४९ सीसीला, त्यामुळे अठ्ठेचाळीस सीसीसाठी आपण वरच्या स्लॅबमध्ये. असो.

स्पीडोमीटर मूळचा किलोमीटरचा, नंतर मैलांचा केलेला, त्यामुळे ओडोमीटरवरचा आकडा नक्की कशाचा हे देवच जाणे. फाईलमध्ये जुन्या पावत्या आहेत, जपानीतलं सर्व्हिस बुकही आहे, पण मधली बरीच वर्षं कोरी. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते कुठेच लिहिलेलं नाही, याचा अर्थ बदललेला नाही असंच धरायचं.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं, थोडी टकटक करतं, ती व्हॉल्व उघडणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरची आहे, या इंजिनचं जन्मजात दुखणं, ऑइल गरम झालं की बंद होते. त्यात हात घालणार नाही. खरी गोष्ट सीटच्या मागे आहे, दोन्ही सीट पुढे केल्या आणि कार्पेटवर हात दाबला तर डाव्या बाजूला बोटांच्या मधून पाणी वर आलं. उजवीकडे नुसतं दमट. म्हणजे कामाचा क्रम ठरला. आधी पाणी, मग पत्रा, मग ब्रेक, इंजिन शेवटी. लोक उलटं करतात, आधी एक्झॉस्ट आणि चाकं घेतात आणि खालचा पत्रा पोखरत राहतो.

८ ऑक्टोबर

ड्रेन साफ केले. ही गाडी ज्याच्याकडे असेल त्याने पहिलं काम हे करावं म्हणून नीट लिहितो. हूडवर, म्हणजे घडीच्या छपरावर, पडलेलं पाणी मागच्या बाजूने एका पन्हळीत येतं, त्याला रेन रेल म्हणतात, ती प्लॅस्टिकची पट्टी हूडच्या खालच्या कडेला लागून असते. तिथून पाणी दोन्ही बाजूंना, सीट बेल्टच्या खांबाजवळ एका भोकात उतरतं आणि आतल्या नळीतून खाली, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. कागदावर एकदम झकास. प्रत्यक्षात पानं, धूळ, हूडचे धागे सगळं त्या नळीत जाऊन बसतं, मग पाणी वर तुंबतं आणि मिळेल तिकडे जातं, म्हणजे कार्पेटखाली किंवा दाराखालच्या सिलच्या आत.

साफ करायला तार वापरायची नाही. नळी प्लॅस्टिकची आहे, तार तिला आतून भोक पाडते, आणि मग ड्रेन वरून साफ दिसतो पण पाणी सगळं सिलमध्ये, हे तर आणखी वाईट. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घेतली, टोक लायटरने गोल केलं, आणि हळूहळू फिरवत खाली घातली. उजवी बाजू पटकन सुटली. डावीकडे दोरी अर्ध्यात अडली, मग खालून गाडीखाली झोपून दुसऱ्या टोकाने घातली, तेव्हा काळा चिखल बोटभर बाहेर आला, त्यात पाइनच्या सुया, एक जपानी अक्षरं असलेला प्लॅस्टिकचा तुकडा, आणि नंतर बदाबदा पाणी. बाटलीभर पाणी वरून ओतलं, दोन्हीकडून खाली तेवढंच आलं. कार्पेट काढून गॅरेजात वाळत घातलंय, खालची नमदा टाइप शीट फेकून दिली, ती काय वाळत नाही.

२१ ऑक्टोबर

सिल बघितली. दाराखालचा पोकळ बॉक्स, या गाडीला वर पत्र्याचं छप्पर नाही त्यामुळे सगळा ताण त्याच्यावर. मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीच्या आधी एक वीतभर जागा आहे, एनए तिथेच सडते. बाहेरून उजवी बाजू छान दिसते, डावीकडे रंगाला फुगे. स्क्रू ड्रायव्हरची मूठ टोकत टोकत गेलो, टणटण असा आवाज होता तो मागे येता येता थपथप झाला, मग टोक लावलं तर आरपार. आत दुसरा थर, रीइन्फोर्समेंटचा, म्हणजे मजबुतीचा, तोही अर्धा गेलेला. उजवीकडे बाहेरचा पत्रा जाड लागतोय, पण आत कॅमेरा घालून पाहिलं तर तळाला गंजाचा भुगा साठलाय, म्हणजे तिचेही दिवस भरत आलेत.

इथल्या वार्षिक तपासणीत, एमओटीत, सस्पेन्शन आणि सीट बेल्टच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा सडलेला असला तर सरळ फेल. आपलं भोक दोन्हीच्या हद्दीत. आणि दुरुस्ती सलग वेल्डने हवी, पुट्टी भरून रंग मारला तर तपासणारा बोट लावून सांगतो. मागच्या कुणीतरी नेमकं तेच केलेलं आहे, फायबर आणि वर्तमानपत्र निघालं आतून. वर्तमानपत्र वाचण्यासारखं राहिलेलं नाही, नाहीतर तारीख कळली असती.

वेल्डिंग मी स्वतः करणार नाही. पातळ गंजलेल्या पत्र्यावर मिग वेल्डर चालवणं हे शिकाऊ माणसाचं काम नव्हे. एका वेल्डरशी बोलणं झालंय, जानेवारीत नंबर.

११ नोव्हेंबर

दिवाळी. सकाळी फराळ, दुपारी पार्ट्सची यादी. बायको म्हणाली एवढ्या मन लावून घरच्या किराण्याची यादी केलीस तर बरं होईल.

यादी करताना एक गोष्ट स्पष्ट झाली, या गाडीचे पार्ट मिळतात की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, कुठला पार्ट कुठून घ्यायचा हा प्रश्न आहे. इंजिन माझदाच्या ३२३ च्या घराण्यातलं, बी६, त्यामुळे बेल्ट, वॉटर पंप, सील, प्लग, फिल्टर हे सगळं कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतं. ब्रेकचं तेच. आणि गाडी विकलीच इतकी गेली, पहिल्या पिढीच्याच चार लाखांच्या वर, सगळ्या पिढ्या धरून २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांना साचे बनवणं परवडतं. सिलचे रिपेअर पॅनेल इथे इंग्लंडात दाबून बनवतात, आतला रीइन्फोर्समेंट सुद्धा वेगळा मिळतो.

अडतं कुठे तर प्लॅस्टिक आणि रबरात. खिडकीच्या कडेची रबरं, दाराच्या वरच्या कोपऱ्यातले सील, डॅशबोर्डवरचे गोल एअर व्हेंटचे काळे रिंग, मागच्या लाईटचे गॅस्केट, कन्सोलची झाकणं. हे कुणी बाहेरचा बनवतो तर दर्जा कसाही असतो, रबर कडक, पहिल्या उन्हाळ्यात आकसतं. हे मूळ कंपनीचंच घ्यायचं आणि मिळतंय तोवर घ्यायचं.

यात माझदाने एक चांगलं काम केलंय, २०१७ मध्ये त्यांनी जपानात पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी कारखान्यात रिस्टोरेशनची योजना जाहीर केली आणि त्याबरोबर बंद झालेले पार्ट्स परत काढायला घेतले. हूड, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग आणि गिअर नॉब, आणि ब्रिजस्टोनकडून १८५/६० आर१४ मापाचे जुन्या धाटणीचे टायर सुद्धा. आख्खी गाडी हिरोशिमाला पाठवायची आपली ऐपत नाही, पण परत काढलेले बरेच पार्ट सुट्टे विकत मिळतात, त्याचा फायदा आपल्याला.

खरेदीची अडचण म्हणजे इथल्या डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये एनए६सीई वाला नंबर टाकला की त्याला काही कळत नाही, त्यांचं सगळं सतरा आकडी व्हीआयएनवर, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरवर चालतं. उपाय म्हणजे पार्ट नंबर आपणच शोधून न्यायचा, नुसता नंबर दिला की काउंटरवरचा माणूस खुश असतो. एनए०१ ने सुरू होणारे बहुतेक नंबर याच गाडीचे. जपानातून मागवायचं तर प्रॉक्सीमार्फत, म्हणजे तिथे खरेदी करून पाठवणाऱ्या मध्यस्थामार्फत, आणि १३५ पौंडांच्या वर गेलं की ड्यूटी, त्यावर २० टक्के व्हॅट, त्यावर कुरिअरवाल्याची हाताळणी फी, म्हणून किंमत बघताना दीडपट धरून बघायची. तरी सुद्धा दाराची रबरं तिकडूनच मागवली.

भंगारवाल्यांकडे काय घ्यायचं ते वेगळं. धातूचे पार्ट, काच, हेडलाईटच्या मोटर, सीटची रुळं. रबर कधीच नाही. आणि दुसऱ्या पिढीची, एनबी, हिचं सस्पेन्शन बरंचसं याला बसतं, पण एनबीला पुढचे चॅसी रेल आतून सडायचा रोग आहे त्यामुळे भंगारात त्याच जास्त येतात.

२५ नोव्हेंबर

हूड उतरवलं. मागची खिडकी प्लॅस्टिकची, पिवळी पडलेली, मधोमध घडीवर चिरलेली. ही खिडकी चेनने उघडून सपाट ठेवायची आणि मगच हूड खाली करायचं असतं, थंडीत तर नक्कीच, पण ते कुणी करत नाही, म्हणून सगळ्यांच्या इथेच चिरतात.

मागची कड धरायला आत, सीटमागच्या फळीवर, लोखंडी पट्ट्या असतात, दहाच्या नटांनी आवळलेल्या. नट गंजलेले होते. आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवलं, मग रॅचेट सोडून साध्या पान्याने, थोडं सैल थोडं घट्ट असं करत करत काढले, तरी एक स्टड तुटलाच. रेन रेल दोन्ही टोकांना तडकलेली, म्हणजे डावीकडच्या पाण्याला ड्रेनसोबत हाही वाटेकरी होता.

नवीन हूड साध्या व्हिनाइलचं घेतोय, काचेच्या खिडकीचं, नवी रेन रेल त्याला लागूनच येते. मोहेअरचं कापड दिसायला भारी पण किंमत जवळजवळ दुप्पट, आणि या गाडीला मूळचं व्हिनाइलच होतं. बसवायचं मात्र वेल्डिंग झाल्यावर.

६ जानेवारी २०२४

गॅरेजात शून्याच्या खाली. हात चालत नाहीत. बॅटरीचं तेवढं केलं.

बॅटरी या गाडीत डिकीत असते, बंद जागेत, म्हणून मूळची सीलबंद होती, पॅनासॉनिकची, गॅस बाहेर न्यायला नळ्या लावलेल्या. मागच्या मालकाने साधी पाण्याची बॅटरी ठेवलेली, नळ्या लोंबकळत. तिच्या वाफांनी खालचा ट्रे पांढरा आणि पत्रा खरबरीत झालाय. सोडा-पाण्याने धुतला, घासला, झिंक प्रायमर मारला. नवी एजीएम, म्हणजे सीलबंद प्रकारची बॅटरी घेतली, नळ्या जोडल्या. एजीएम महाग पडते पण डिकीचा पत्रा त्याहून महाग आहे.

२७ जानेवारी

गाडी वेल्डरकडून आली. दोन्ही बाजू केल्या. त्याने कापलेले तुकडे मागून घेतले होते, उजव्या बाजूचा तुकडा बाहेरून निळा चकाचक आणि आतून पापुद्रे, बोटाने मोडतो. डावीकडे आतला थर, मधला थर आणि बाहेरचा असे तिन्ही नवे घातलेत. कापण्याआधी दारं बंद करून फटी मोजल्या आणि गाडी चाकांवर उभी ठेवून काम केलं, हे मला आवडलं, लिफ्टवर लटकवून सिल कापली तर उघडी गाडी मधे वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही.

संध्याकाळी सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारलं, लांब नळीने, आधी गरम पाण्यात डबा ठेवून, म्हणजे पातळ होऊन शिवणीत शिरतं. ड्रेनच्या भोकांतून थेंब बाहेर येईपर्यंत. घरभर वास. जेवताना कुणी बोललं नाही माझ्याशी.

१० फेब्रुवारी

मागचे ब्रेक. हँडब्रेक दोन्ही बाजूंना नुसता नावाला. उजव्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन हलेना.

एका भंगारवाल्याकडून मागच्या कॅलिपरची जोडी मागवली होती, स्पष्ट लिहून, १.६ ची हवी. आली १.८ इंजिनवाल्या गाडीची. डबल चेक करायला सोपं असतं, १.६ ला मागची डिस्क २३१ मिलीमीटरची आणि १.८ ला २५१ ची, त्यामुळे ब्रॅकेट वेगळा. फोन केला तर म्हणतो, बसेल की, सगळे बसवतात. बसेल, पण मग ब्रॅकेट, डिस्क, पॅड सगळं १.८ चं लागेल, आणि पुढचे बदलले नाहीत तर पुढचा-मागचा तोल बिघडेल. परत पाठवली, टपालखर्च माझा. मग रीकंडिशन केलेल्या घेतल्या, जुन्या देऊन.

हँडब्रेकची अ‍ॅडजस्टमेंट नोंदवून ठेवतो कारण बहुतेक गॅरेजवाले केबल ताणून मोकळे होतात. कॅलिपरच्या मागे एक १४ चा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलीमीटरची एलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवायची, पॅड डिस्कला टेकेपर्यंत, मग तिसरा हिस्सा फेरा उलटी. दोन्हीकडे असं. नंतरच केबलला हात लावायचा. आता लिव्हरच्या तिसऱ्या-चौथ्या 'टक' आवाजाला गाडी घट्ट.

२ मार्च

सस्पेन्शनचे बूश, म्हणजे सांध्यांतले रबराचे तुकडे. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, म्हणजे बूशच बूश. रबरं चिरलेली, गाडी रस्त्यावरच्या रेषांमागे पळते.

पुढचं निघालं. मागे खालच्या विशबोनचा लांब बोल्ट, जो अपराइटच्या, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या, आरपार जातो, त्याने दिवस खाल्ला. नट सुटतो, बोल्ट फिरत नाही, कारण तो आतल्या लोखंडी नळीला गंजाने एकजीव झालेला असतो, त्यामुळे पान्याने जोर लावला की रबर पिळतं आणि सोडलं की परत जागेवर. गरम केलं, तेल मारलं, हातोडा घातला, बोल्टच्या डोक्याचा मशरूम झाला पण जागचा हलला नाही. शेवटी करवत, विशबोन आणि अपराइटच्या मधल्या फटीत पातळ पातं घालून दोन्ही बाजूंनी कापला. कापलेल्या तोंडावर मधे चकाकणारं स्टील आणि भोवती तपकिरी कडं, नळी कुठे संपते आणि बोल्ट कुठे सुरू होतो ते दिसतही नाही. हे बोल्ट नवेच घ्यायचे, माझदाचे, आणि बसवताना भरपूर ग्रीस.

आता बूश दाबून काढायला टूल हवं. प्रेस नाही माझ्याकडे, व्हाईस आहे. विकतचा सेट बघितला तर किंमत अशी की चीड आली, गोल कप आणि लांब बोल्ट, एवढंच तर असतं. कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल केला, उद्यमनगरात त्यांचं लेथचं काम आहे. मी व्हाईसमध्ये पाईपचे तुकडे धरून दाखवले.

"आरं, पाईपनं दाबतोयस व्हय? तिरकं जाईल की ते. ड्रॉइंग धाड, एन-आठ स्टीलमध्ये करून देतो."

"मामा, तुम्हाला कामाची गडबड असंल तर..."

"गडबड कसली, दोन तासाचा जॉब हाय. मापं तेवढी नीट घे, शून्य पॉइंट पाचचा फरक ठेव बाहेरनं."

मापं व्हर्निअरने घेऊन, कागदावर काढून फोटो पाठवला. मामांनी लगेच विचारलं कडेला चॅम्फर, म्हणजे तिरपा काप, किती देऊ, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

२३ मार्च

मावसभाऊ सुट्टीवरून परत आला, त्याच्या बॅगेत भडंग, कांदा-लसूण चटणी आणि कपड्यात गुंडाळलेले स्टीलचे कप. विमानतळावर स्कॅनरवाल्यांनी बॅग उघडायला लावली म्हणे. टर्निंग असं की बोट फिरवलं तर कुठे ओरखडा नाही, प्रत्येकावर पंचने माप ठोकलेलं.

एम१२ चा थ्रेडेड रॉड, दोन्हीकडे कप, थ्रस्ट बेअरिंग, आणि बूश सरळ बाहेर. नवे बूश पॉलियुरेथेनचे घ्या असं सगळे सांगतात, मी रबराचे घेतले. पॉलीचा फायदा ट्रॅकवर असेल, इथल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तो कंप सरळ पाठीत येतो, वर दर वर्षी ग्रीस नाही दिलं तर कुईकुई. ९४० किलोची गाडी आहे, तिला मऊ रबर पुरतं.

रबरी बूशचं एक पथ्य, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लटकत्या गाडीत आवळले तर रबर त्याच पोझिशनला धरलं जातं आणि गाडी खाली ठेवल्यावर कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं. रॅम्पवर चढवून, खाली सरपटत, एकेक करून आवळले.

३० मार्च

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, कॅमचे आणि क्रँकचे सील.

१९९० ची असल्यामुळे क्रँकशाफ्टची धास्ती होती. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं नाक आखूड होतं, पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही की क्रँक आणि पुली जोडणारी लोखंडी चावी खाचेत खेळायला लागते, पुली डुलते, टायमिंग सरकतं, आणि शेवटी क्रँकच बाद. ओळखायचं म्हणजे पुलीच्या मधल्या भागात खाचा किती ते बघायचं, चार असल्या तर आखूड, आठ असल्या तर नंतरचं सुधारलेलं. आपल्याकडे चार. बोल्ट काढला, पुली ओढली, टॉर्चने खाच बघितली, कडा सरळ, चावीवर झीज नाही, नाकाला रंग सुद्धा बदललेला नाही. जीव भांड्यात पडला. नवी चावी, नवा बोल्ट, आणि टॉर्क १०८ ते ११८ न्यूटन मीटरच्या मधे. नंतरच्या लांब नाकाच्या इंजिनाला याहून बराच जास्त टॉर्क असतो, तो आकडा बघून हे आवळायचं नाही.

बेल्ट चढवताना दोन्ही कॅमच्या खुणांमध्ये १९ दात मोजायचे. मग क्रँक हाताने एक पूर्ण फेरा आणि वर पाच षष्ठांश फिरवून टेन्शनर लॉक. परत दोन फेरे फिरवून परत दात मोजले. हे इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटत नाहीत, रस्त्यात उभे राहू एवढंच. जुना बेल्ट उलटा करून वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा.

इग्निशन टायमिंग १० डिग्रीला, डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या पिना जोडून. आयडल ८५० आरपीएमवर.

१३ एप्रिल

गिअर लिव्हरचं काम. गाडी चालवताना मांडीला गरम हवा लागायची आणि तिसरा गिअर शोधावा लागायचा. कन्सोल काढला, खाली दोन रबरी बूट असतात, वरचा मोठा आणि खालचा छोटा, दोन्ही फाटलेले. लिव्हर उपसला तर टोकाचा नायलॉनचा कप अर्धाच, उरलेला अर्धा खाली टरेटमध्ये, म्हणजे लिव्हर बसतो त्या घरात. टरेटला स्वतःचं वेगळं ऑइल असतं हे बहुतेकांना माहीत नसतं, गिअरबॉक्सचं बदललं तरी हे तसंच राहतं. सिरिंजने ओढलं, काकवीसारखं जाड आणि काळं, ओढता ओढेना. नवं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरलं. कप, दोन बूट, एक गॅस्केट, सगळं मिळून एका पिझ्झाच्या पैशात, आणि गाडीत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. आता मनगटाने गिअर पडतात.

२७ एप्रिल

इंजिनच्या मागे, बेलहाउसिंगवर, म्हणजे क्लचच्या कवचावर, ऑइल. क्लच जवळ ऑइल दिसलं की लोक रिअर मेन सील, म्हणजे क्रँकचं मागचं सील, गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतात. आधी हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बघायचा, त्याची ओ-रिंग कडक होऊन चौकोनी होते आणि ऑइल तिथून ओघळत नेमकं बेलहाउसिंगवर येतं. सेन्सर आणि हेडवर स्क्रॅचरने एक रेघ मारली, म्हणजे टायमिंग हलणार नाही, एकच बोल्ट, पण फायरवॉल आणि हेडच्या मधे हात घालायला मनगट लहान हवं. पोरीला सांगितलं, तिने काढला आणि वर मजुरी मागितली. ओ-रिंग व्हिटॉन रबराची घातली. याच गळतीने खालचा हीटरचा होज फुगून मऊ झालाय.

११ मे

नवीन हूड बसलं, ट्रिमरकडून, म्हणजे हूड-सीटचं काम करणाऱ्याकडून करून घेतलं, ताण एकसारखा यायला अनुभव लागतो. व्हील अलाइनमेंट झाली. अलाइनमेंटवाल्याने टायरमध्ये सवयीने ३२ पीएसआय भरले होते, घरी येऊन २६ केले, या गाडीला २६ च हवेत, नाहीतर मागून उड्या मारते.

२५ मे

एमओटी पास. धूर तपासणीत काही प्रश्न आला नाही, ऑगस्ट १९८६ ते जुलै १९९२ मधल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के असते, आपण त्याच्या खूप खाली. तपासणारा सिल खाली टॉर्च घेऊन बराच वेळ होता, वेल्डवर हात फिरवला आणि काही न बोलता पुढे गेला. अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे नापास न करता दिलेली सूचना, एकच, डाव्या हेडलाईटचा निशाणा थोडा खाली. पॉप-अप, म्हणजे वर उघडणाऱ्या हेडलाईटच्या जोडणीत खेळ आहे, तो काढायचाय.

८ जून

दोन दिवस पाऊस, गाडी मुद्दाम बाहेर ठेवली. सकाळी सीटमागे हात घातला, कार्पेट दोन्हीकडे कोरडं. ड्रेनमधून खाली थेंब पडताना दिसत होते, बरोबर जागी.

डिकीत मात्र उजव्या कोपऱ्यात वाटीभर पाणी. टॅल्कम पावडर भुरभुरली, पाईपने पाणी मारलं, ओघळ मागच्या लाईटच्या वरच्या कोपऱ्यातून आलेला. गॅस्केट. माझदाकडे उजवं अजून मिळतंय, डावं बॅकऑर्डरवर आहे, तारीख दिलेली नाही. दोन्ही ऑर्डर करून टाकली, हीटरचा होजही त्यातच, आणि तोवर बॅटरीच्या बाजूला डबा ठेवलाय.